जुन्या भिंतींचे ऋण



आमच्या बुऱ्हाणपुरात फारूकी सुलतान आदिलशहाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस जामा मशीद उभारली, आणि तिच्यात अरबी लेखासोबत संस्कृत लेखही कोरविला. १६०१ साली असीरगड अकबराच्या हाती पडला व ते राज्य लयास गेले. त्या मोहिमेत संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नात्यातील येशूसंघीय फादर जेरोम झेवियर बादशहाच्या छावणीत होते. माणसे गेली, दगड साक्षीला उरला.

युरोपात फ्रान्सच्या खेडोपाडी सात-आठशे वर्षांची धर्मग्राममंदिरे आजही उभी आहेत. १९०५ च्या कायद्यानंतर ती बहुतांशी ग्रामसंस्थेच्या मालकीची झाली. उपासना मात्र ख्रिस्तसभेची राहिली. आता तेथील गावे ओस पडत आहेत, कित्येक मंदिरांत क्वचितच मिस्सा होतो. भिंती आहेत, भाविक नाहीत!

आपल्या वसईची कथा याच्या उलट. १५३४ च्या तहाने ती पोर्तुगीजांकडे गेली व गावोगाव मंदिरे उभी राहिली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी किल्ला जिंकला, आणि मंदिरांच्या घंटा विजयचिन्हे म्हणून घाटावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेवर १७२१ हा आकडा आहे. वाईजवळील मेणवलीची घंटा १७०७ ची असून तिच्यावर बाळयेशूसह पवित्र मरियेची आकृती आहे. कोणी ती आकृती घासून काढली नाही, की घंटा वितळवून धातू विकला नाही. हिंदू बांधवांनी ती आदराने जपली, याबद्दल आम्हांस कृतज्ञता वाटते. इकडे वसईत मंदिरे पडली, तरी कुटुंबांनी श्रद्धा सोडली नाही. पुढे मंदिरे पुन्हा उभी राहिली.

परक्यांनी आपली घंटा जपली. आपण आपले काय जपतो? आज हाती पैसा आला की पहिला घाव जुन्या मंदिरावर पडतो. कोरीव लाकडी वेदी अडगळीत जाते, पूर्वजांच्या समाधिशिलेवर चकचकीत फरशी बसते. चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देतात. ओल आत कोंडते आणि भिंत आतून खचत जाते. जी भिंत शतके टिकली, तिला आपली दुरुस्तीच मारते.

वाढत्या धर्मग्रामाला मोठे मंदिर लागते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु पाडण्यापूर्वी जाणत्यांस विचारावे. घंटेवरील साल, शिलांवरील नावे उतरून घ्यावीत. स्नानसंस्काराची व विवाहाची जुनी दप्तरे वाळवीपासून राखावीत; त्यांत आपल्या पणजोबांची नावे आहेत. येत्या रविवारी मिस्सानंतर मुलाबाळांना घेऊन आपल्या मंदिराभोवती एक फेरी घाला, आणि वडीलधाऱ्यांकडून प्रत्येक दगडाची हकिगत ऐका.

श्रद्धा दगडांत नसते, हे खरे. पण ज्यांनी ती आपल्या हाती दिली, त्यांच्या हातांचे ठसे त्या दगडांवर आहेत. ते पुसण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?