शह आणि चेक

बँकेच्या मराठी स्लिपवर ‘धनादेश क्रमांक’ असा रकाना असतो. परवा माझ्या पुढचे एक आजोबा नेमके तिथंच अडले. खिडकीतली मुलगी म्हणाली, ‘‘आजोबा, तिथं चेकचा नंबर टाका. आणि तारीख एकदा चेक करा.’’ त्यांनी दोन्ही केलं. अंगात त्यांच्या चेक्सचा शर्ट होता. एकच शब्द तीन रूपांनी खिडकीशी हजर होता आणि छापील स्लिपवर त्याला जागा नव्हती. कारण काय, तर शब्द परका!

या परक्याचं मूळ गाव इराण. फारसीत ‘शाह’ म्हणजे राजा. आपलं चतुरंग तिकडे जाऊन चतरंग झालं, अरबांकडे शतरंज. समोरच्याच्या राजावर चाल आली की ‘शाह!’ म्हणून बजावायची रीत होती. अरबांकडून खेळ युरोपात गेला आणि ती आरोळीही गेली. लॅटिनात तिचं ‘स्काकस’ झालं, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’, इंग्रजीत ‘चेक’. खेळाचं ‘चेस’ हे नावसुद्धा या एशेकच्याच अनेकवचनाचं. राजाला शह बसला की बाकी सगळं थांबतं, म्हणून चेक म्हणजे अडवणूक. मग आवर, मग तपासणी. आपल्या गाडीतला टीसी तिकीट चेक करतो तो या वाटेनं.

शर्टाच्या चौकड्या मात्र पटावरून आल्या. त्या पटाचा खरा थाट पाहावा तो नॉर्मन इंग्लंडच्या खजिन्यात. रिचर्ड फिट्झनील या खजिनदारानं बाराव्या शतकात तिथल्या कारभारावर लॅटिनमध्ये पुस्तक लिहिलं, त्यात टेबलाचं मापही दिलंय : लांबी 10 फूट, रुंदी 5 फूट, वरचं काही घरंगळू नये म्हणून चारी बाजूंना चार बोटं उंच काठ. त्यावर काळं कापड आणि कापडावर फूटभर किंवा वीतभर अंतरानं रेघा. परगण्याचा शेरीफ वसुलीचा हिशेब द्यायला यायचा आणि त्या घरांतून सोंगट्या सरकवत बेरीज-वजाबाकी चालायची. रोमन आकड्यांत कागदावर वजाबाकी करून पाहा, म्हणजे सोंगट्या का लागल्या ते कळेल. पटावर दोन राजांची लढाई होते तशी इथं खजिनदार आणि शेरीफ यांची होते, असं फिट्झनील स्वतःच म्हणतो. खात्याचं नावच मग ‘एक्सचेकर’ पडलं. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर, म्हणजे पटाचा कारभारी, म्हणवतो.

बँकेतला चेक त्याहून बराच धाकटा. अठराव्या शतकात बनावट कागदांना आळा बसावा म्हणून जी स्थळप्रत ठेवत, तिला हे नाव होतं. पुढे ते मुख्य कागदालाच चिकटलं. एक्सचेकरच्या वळणावर इंग्रजांनी त्याचं स्पेलिंग बदललं. अमेरिकनांनी साधं ठेवलं, आणि हॉटेलच्या बिलालाही ते चेकच म्हणतात.

आता आपलं पाहा. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला तो फारसी शब्दांना पर्याय म्हणून. पुढे सावरकरांची भाषाशुद्धी फारसी आणि इंग्रजी दोन्हींवर चालून गेली. ‘शह’ दोन्हींतून सुखरूप सुटला. ‘शह-काटशहाचं राजकारण’ हा मथळा आठवड्यातून एकदा तरी वाचायला मिळतो, आणि संकटावर ‘मात’ केल्याशिवाय आपला एकही सत्कार पार पडत नाही. ही मातही त्याच पटावरची. काहींच्या मते तिचा अर्थ ‘मेला’, काहींच्या मते ‘निरुपाय झालेला’. पटावर राजा कधीच मारला जात नाही, तेव्हा मला दुसरा अर्थ पटतो. असो. शह घरचा आणि चेक परका, हा निवाडा कोणत्या कायद्यानं? दोघं एकाच शाहचे; एक थेट आला, दुसरा विलायतेला वळसा घालून.

धनादेश हा शब्द नेटका आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण स्लिप ज्यांनी भरायची त्यांचा शब्द तीवर हवा. रकान्यात जागाही भरपूर आहे. पुढच्या छपाईला बँकेनं तिथं ‘चेक नंबर’ एवढं छापावं.