गाणं कुणीही गावं, पण नावं तर घ्या!

दिवाळी पहाटेचे बोर्ड चौकात लागले की आपल्याकडे एक जुना वाद हमखास सुरू होतो. "मूळ गाण्याची सर कशालाच नाही" असं म्हणणारे एका बाजूला. "नव्या पोरांनी गायलं तर बिघडलं कुठं?" म्हणणारे दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडची मंडळी तावातावाने भांडतात आणि या भांडणात दोन माणसं कायम विसरली जातात. ज्याने शब्द लिहिले तो, आणि ज्याने चाल लावली तो.

माझं म्हणणं सरळ आहे. कव्हर वाईट नसतं. बिननावाचं कव्हर वाईट.

आता 'मूळ' म्हणजे काय तेच बघा ना. गीतरामायण म्हटलं की आपल्या कानात कुणाचा आवाज येतो? बाबूजींचा, म्हणजे सुधीर फडक्यांचा. पण १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर ही ५६ गाणी आठवड्याला एक याप्रमाणे लागत होती, तेव्हा ती एकट्या बाबूजींनी गायलेली नव्हती. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, राम फाटक, ललिता फडके असे कितीतरी आवाज त्यात होते. पुढे बाबूजींनी गावोगावी कार्यक्रम केले, सगळी गाणी स्वतः गायली आणि तेच रूप घराघरात पोचलं. म्हणजे आपण ज्याला मूळ समजून कवटाळून बसलोय, त्यातली बरीच गाणी खरं तर नंतर गायलेली आहेत! तरी कुणाची तक्रार नाही. कारण गदिमांचे शब्द आणि बाबूजींची चाल, ही दोन्ही नावं गाण्यापासून कधी सुटली नाहीत.

'कट्यार काळजात घुसली'चंही तसंच. १९६७ चं नाटक, दारव्हेकरांचं. संगीत अभिषेकीबुवांचं, खाँसाहेब वसंतराव. २०१५ ला सिनेमा आला, तेव्हा जुनी पदं नव्याने गायली गेली आणि खाँसाहेबांचं गाणं वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी गायलं. कुणाला आवडलं, कुणाला जुनंच बरं वाटलं. पण ज्या पोरांनी आयुष्यात संगीत नाटक बघितलं नव्हतं, ती अभिषेकीबुवा कोण हे शोधायला लागली. चांगलं कव्हर हेच करतं, माणसाला मागे घेऊन जातं.

आता दुसरी बाजू. भीमसेनजींनी गायलेले अभंग आज शेकडो जण गातात. व्हिडिओखाली काय लिहिलेलं असतं? "पारंपरिक". अहो, शब्द संतांचे, मान्य. पण चाल? ती राम फाटकांनी, श्रीनिवास खळ्यांनी रात्रंदिवस बसून बांधली. 'पारंपरिक' हा एक शब्द टाकला की त्यांची मेहनत पुसली जाते. आपल्या संतांना हा धोका तेव्हाच कळला असावा. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे' असं नाव त्यांनी अभंगातच ओवून ठेवलं, म्हणजे गाणाऱ्याला ते गाळताच येऊ नये. वामनदादा कर्डकांनीही शेवटच्या कडव्यात 'वामन' गुंफला. गायन पार्ट्यांनी त्यांची गीतं गावोगाव नेली, नाव सोबत गेलं. चाल लावणाऱ्याला मात्र अशी सोय नाही. त्याचं नाव आपण घेतलं तरच राहतं.

"हे सगळं भावनिक आहे" असं कुणी म्हणेल. नाही, हा कायदा आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात कव्हरसाठी वेगळं कलम आलं, ३१सी. मूळ ध्वनिमुद्रण झालेलं वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबायचं. आधी कळवायचं. दरवर्षी किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी भरायची. शब्द-चालीत मनमानी बदल नाही. वेष्टनावर 'कव्हर' असं स्पष्ट लिहायचं आणि आधीच्या गायकाचं नाव किंवा फोटो वापरायचा नाही. आणि हे फक्त ध्वनिमुद्रणापुरतं, व्हिडिओचा मामला वेगळा. त्याच दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटाही पक्का केला. त्याआधी अनेकांनी एकरकमी पैसे घेऊन सगळे हक्क कंपनीला लिहून दिले होते. गाणं पन्नास वर्षं वाजतंय आणि लिहिणाऱ्याच्या घरी दमडी नाही, हे आपल्याच देशात घडलंय.

आणि ही मालकी 'शब्द जुने, चाल जुनी' म्हणून संपत नाही. निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं ती चालते. गदिमा १९७७ ला गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. बाबूजी २००२ ला गेले, त्यांच्या चालींचा हक्क २०६२ अखेरपर्यंत.

मग गल्लीतल्या पोरीने मोबाईलवर तानपुरा लावून गाऊच नये का? जरूर गावं! तिला वकील गाठायला कुणी सांगत नाही. पण गायच्या आधी दोन नावं घ्यायला पाच सेकंद लागतात, पैसा लागत नाही. गीत अमुक, संगीत तमुक. बस.

तिकीट लावणाऱ्या, प्रायोजकांचे फलक मिरवणाऱ्या आयोजकांची गोष्ट मात्र वेगळी. लग्नसमारंभाला आणि खऱ्या धार्मिक विधीला कायद्यात सूट आहे. तिकीट लावलेली दिवाळी पहाट म्हणजे विधी नव्हे. मंडपवाल्याला पैसे, साउंडवाल्याला पैसे, निवेदकाला पैसे, नगरसेवकाच्या फोटोला फलकावर अर्धी जागा. आणि ज्याच्या गाण्यावर हा सगळा डोलारा उभा आहे त्याचं ना नाव, ना मानधन. हे शोभतं का आपल्याला?

म्हणून यंदा एवढंच करू. तिकीट काढताना आयोजकांना विचारा, गाण्यांचा परवाना घेतलाय का? निवेदकाने फक्त गायकाचं नाव घेतलं तर मध्यंतरात जाऊन सांगा, "दादा, गीतकार-संगीतकार राहिले." आणि एखादं कव्हर आवडलं, शेअर करावंसं वाटलं, तर वर तीन नावं लिहा. गायक, गीतकार, संगीतकार.

मूळ भारी की कव्हर भारी, हा वाद मग चहा घेत खुशाल घालू. आधी ज्यांचं आहे त्यांचं त्यांना देऊ.