रंगारी चोर नाही, कंत्राट चोर आहे



दिल्लीतील जुन्या रेल्वे किंवा टपाल क्वार्टरमध्ये पावसाळ्यानंतर जाऊन पाहावे. जमिनीपासून हात-दीड हात भिंत ओली, डिस्टेंपरचे पोपडे सुटलेले, बोट लावले की गिलाव्याची माती होऊन गळते, आणि वर पांढरा लोणा फुललेला. तक्रार केली की कार्यालयाचे उत्तर ठरलेले : "मागच्या वर्षी रंग झाला आहे." झाला आहे खरा! पण ओल्या भिंतीवर झाला, म्हणून एक पावसाळाही टिकला नाही.

हे काम कसे करावे हे कोणताही गवंडी सांगेल. आधी गळका पाइप, गच्ची किंवा नाली दुरुस्त करायची. मग कुजका गिलावा विटेपर्यंत काढायचा, सांधे उकरायचे, लोणा ब्रशने झाडायचा, भिंत वाळू द्यायची. नव्या गिलाव्यावर निदान सात दिवस पाणी मारायचे. तो पुरता वाळला की मग पुट्टी आणि रंगाचे दोन हात. याला काही आठवडे लागतात. कंत्राटदार दोन दिवसांत उरकतो, कारण बिल त्याला चौरस मीटरचे मिळते, भिंत टिकण्याचे नाही.

कोणी म्हणेल, सरकारी घर मिळाले आहे, चुन्यासाठी काय भांडता? त्याला हिशेब दाखवा. दिल्लीत घरभाडे भत्ता १ जानेवारी २०२४ पासून मूळ पगाराच्या ३० टक्के झाला. क्वार्टर घेणाऱ्याला तो मिळत नाही. मूळ पगार ३०,००० असेल तर महिन्याला ९,००० आणि वर्षाला १,०८,००० रुपये आपण सोडतो, शिवाय परवाना शुल्क भरतो. एवढे भाडे देणाऱ्याने कोरडी भिंत मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे.

थंडीत नवी सबब निघते : प्रदूषणामुळे कामे बंद आहेत. बंधूंनो, हे ऐकून परत फिरू नका. राजधानी क्षेत्राच्या प्रदूषण आराखड्यात, ज्याला 'ग्रॅप' म्हणतात, तिसऱ्या टप्प्यात धूळ उडवणारी बांधकामे बंद होतात हे खरे. पण गिलाव्याच्या बाबतीत घरातील किरकोळ दुरुस्ती त्याच यादीत वगळलेली आहे. जे वगळले आहे ते दाखवून काम लेखी मागा.

बंदीचा खरा मार बसतो तो लेबर चौकात उभ्या असलेल्या रंगाऱ्यावर आणि गवंड्यावर. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने त्याच्यासाठी उपकर आणि कल्याण मंडळ आणले. रंगकाम व दुरुस्तीही त्यात येते. तरी डिसेंबर २०२४ मध्ये काय दिसले? दिल्लीत नव्वद हजारांवर नोंदीत कामगारांना ८,००० पैकी २,००० रुपयेच मिळाले होते. उरलेले ६,००० तत्काळ द्या, असे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. आणि ज्याची नोंदच नाही त्याला तेही नाही. नोंदीला वर्षात ९० दिवस कामाचा दाखला लागतो, आणि कंत्राटदार तो देत नाही.

आपल्यातले काही जण याच रंगाऱ्याला शिव्या देतात, रंगात पाणी घालतो म्हणून. दोन खोल्यांचे डबे देऊन चार खोल्या रंगवायला सांगितल्यावर त्याने काय घालावे? एकेकाळी ही कामे खात्याचे कायम कामगार करीत. ती पदे गेली तेव्हा आपण पुरेसा आवाज केला असता तर आज भिंत आणि मजुरी दोन्ही कंत्राटात गेली नसती.

आणखी एक धोका. भारतात घरगुती रंगात शिशाची मर्यादा, दहा लाखांत ९० भाग, १ नोव्हेंबर २०१७ पासून सक्तीची झाली. जुन्या दारा-खिडक्यांवरच्या ऑइल पेंटच्या थरांत शिसे असू शकते. ते कोरडे घासले की धूळ रंगाऱ्याच्या छातीत आणि आपल्या पोरांच्या पोटात जाते. पृष्ठभाग ओला करून घासणे आणि मुलांना दूर ठेवणे एवढे तरी झालेच पाहिजे.

म्हणून प्रत्येक शाखेने या मागण्या लावून धराव्यात :

१. ओलीचे कारण दूर झाल्याशिवाय रंगाचे बिल मंजूर करू नये.
२. काम पुरे झाल्याच्या कागदावर क्वार्टरधारकाची सही हवी, आणि काम बिघडल्यास कंत्राटदाराने ते फुकट करून द्यावे.
३. रंगारी-गवंड्यांना ९० दिवसांचा दाखला, मास्क आणि पुरी मजुरी मिळावी. कंत्राटदाराने मजुरी बुडवल्यास ती मूळ मालकाने द्यावी, हे १९७० च्या कायद्यात होते आणि नव्या संहितेतही आहे.
४. देखभालीची रिकामी पदे भरावीत.

अधूरे काम पाहून 'चालेल' म्हणत सही करू नका. ती सही आपल्या भिंतीवर आणि रंगाऱ्याच्या पोटावर, दोन्हीवर पडते. कामगार एकजुटीचा विजय असो!