लस हवीच, पण संमती आमचीच हवी

मुलींच्या एचपीव्ही लसीचा विषय निघाला की वस्तीतल्या महिला बैठकीत तीन प्रश्न हमखास येतात. पुढे मूल व्हायला अडचण येईल का? ही लस कशापासून बनवतात? आणि फॉर्मवर सही केली नाही तर मुलीला शाळेत त्रास देतील का? आपल्यातले काही शिकलेले तरुण हे प्रश्न 'अज्ञान' म्हणून हसण्यावारी नेतात. काही जण उलट टोकाला जातात आणि लस म्हणजे बहुजनांविरुद्धचे कारस्थान असल्याचे व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत राहतात. आमच्या मते दोघेही चुकतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास नवे रुग्ण आढळतात आणि 75 हजारांहून अधिक स्त्रिया त्याने दगावतात. तपासणी उशिरा होते, त्यामुळे गरीब घरातल्या बायकांचा यात जास्त बळी जातो. 2024 च्या अंतरिम अर्थसंकल्पात 9 ते 14 वर्षांच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याची घोषणा झाली. ही लस आपल्या लेकींना मिळायलाच हवी. ऑस्ट्रेलियासारख्या देशात ती 2007 पासून सरकारी कार्यक्रमात दिली जाते, आणि तिच्यामुळे वंध्यत्व येते याचा पुरावा मिळालेला नाही.

मग भीती येते कुठून? तिला एक खरा इतिहास आहे.

खम्मम आणि वडोदरा

2009 मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा या जिल्ह्यांत 'पाथ' या अमेरिकी संस्थेने आयसीएमआर आणि राज्य सरकारांच्या साथीने एचपीव्ही लसीचा प्रकल्प राबवला. पैसा गेट्स फाउंडेशनचा होता. 10 ते 14 वयोगटातल्या खम्मममधील सुमारे 14 हजार आणि वडोदऱ्यातील सुमारे 10 हजार मुलींना लस देण्यात आली. त्यांत आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या, अनेक जणी वसतिगृहात राहणाऱ्या. याच काळात सात मुलींचे मृत्यू झाल्याचे समोर आले, महिला आणि आरोग्य संघटनांनी आवाज उठवला आणि एप्रिल 2010 मध्ये प्रकल्प थांबवावा लागला.

सरकारी चौकशीत या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. सर्पदंश, बुडून मृत्यू अशी कारणे नोंदवली गेली. हे सांगितल्याशिवाय खम्ममचे नाव घेणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण त्याच चौकशीतून दुसरे सत्य बाहेर आले, आणि ते संमतीचे होते.

संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने ऑगस्ट 2013 मध्ये आपला 72 वा अहवाल मांडला. आंध्रातील 9,543 संमतीपत्रांपैकी 1,948 वर फक्त अंगठे होते आणि 2,763 वर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. गुजरातेत 6,217 पैकी 3,944 वर अंगठे होते. दुष्परिणाम नोंदवण्याची धड व्यवस्था नव्हती, असेही समितीने म्हटले. ज्या आईबापांनी मुलीला शिकायला वसतिगृहात ठेवले, त्यांना न विचारता वॉर्डनने सही केली. शहरातल्या इंग्रजी शाळेत असे झाले असते का? आमच्या मते नसते झाले. ज्याचा आवाज पोहोचत नाही, त्याची संमती गृहीत धरली जाते. जातिव्यवस्थेचा आपला अनुभव याहून वेगळा काय आहे?

2021 च्या सुरुवातीला कोविड लसीच्या चाचणीत भोपाळमध्ये असेच आरोप झाले. गॅसपीडितांच्या वस्त्यांतल्या लोकांना 750 रुपये मिळाले. ही चाचणी आहे हे नीट सांगितलेच नाही, असे अनेकांनी सांगितले. संबंधित संस्थेने आरोप फेटाळले.

लस बनते कशी?

आता दुसरा प्रश्न. जून 2021 मध्ये कोव्हॅक्सिनमध्ये वासराचे रक्त असल्याची ओरड झाली. वस्तुस्थिती अशी की विषाणू वाढवण्यासाठी 'व्हेरो' पेशी वापरतात. 1960 च्या दशकात माकडाच्या मूत्रपिंडापासून मिळालेल्या या पेशी तेव्हापासून प्रयोगशाळेत वाढवल्या जात आहेत. त्यांच्या वाढीसाठी वासराचे सीरम लागते. नंतर ते धुऊन काढले जाते आणि तयार लसीत राहत नाही, असे आरोग्य मंत्रालयाने तेव्हा स्पष्ट केले. गोवर-रुबेला लसीतला रुबेलाचा विषाणू ज्या मानवी पेशींत वाढवतात, त्यांचा उगम 1960 च्या दशकातील गर्भपातांच्या ऊतींमध्ये आहे. पुण्यात तयार होणारी एचपीव्ही लस मात्र यीस्टच्या मदतीने बनते आणि तिच्यात जिवंत विषाणू नसतो.

पहिले शील पाळणाऱ्या उपासकाला यातले काही खटकले तर ते स्वाभाविक आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये यावर वाट दाखवली आहे. हत्येची इच्छा आणि हत्येची गरज यांत बुद्धांनी फरक केला, आणि अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नाही, असे ते मांडतात. लेकरांचा जीव वाचवण्यासाठी लस घेणे आमच्या मते या तत्त्वात बसते. पण प्राण्यांचा वापर कमी करणारी पद्धत असेल तर तिचा आग्रह धरणे हेही करुणेचेच काम आहे. आणि हा निर्णय घ्यायचा तर आधी माहिती हवी. कालाम लोकांना बुद्धांनी हेच सांगितले: कोणी मोठा सांगतो म्हणून स्वीकारू नका, स्वतः तपासा. हा उपदेश डॉक्टरांना लागू आहे, तसाच व्हॉट्सअ‍ॅपलाही.

कायदा आपल्या बाजूने आहे

जानेवारी 2019 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने गोवर-रुबेला मोहिमेत पालकांची संमती गृहीत धरायला नकार दिला. दुष्परिणाम सांगितले तर पालक घाबरतील, हा सरकारी युक्तिवादही मान्य केला नाही. 2 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोणालाही जबरदस्तीने लस देता येणार नाही, शरीरावरचा हक्क अनुच्छेद 21 मध्ये येतो, असे स्पष्ट केले. त्याच वेळी सरकारचे लसीकरण धोरण अवाजवी नसल्याचेही म्हटले. संशोधनाच्या बाबतीत आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे पालकांच्या संमतीबरोबर 7 वर्षांवरील मुलाचाही होकार मागतात.

म्हणून कार्यकर्त्यांनी काही कामे हाती घ्यावीत. संमतीपत्र मराठीत किंवा घरच्या बोलीत आहे का, ते पाहा. लस देण्याच्या काही दिवस आधी ते घरी पोहोचू द्या, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. हा नेहमीचा कार्यक्रम आहे की चाचणी, हे स्पष्ट विचारा. त्रास झाला तर कुणाकडे जायचे, तो फोन नंबर लिहून घ्या. आश्रमशाळा आणि वसतिगृहांत वॉर्डनची सही पालकांच्या जागी चालणार नाही, हे आधीच लेखी कळवा. आणि मुलीलाही विचारा. शरीर तिचे आहे. विहारात आशाताईंना, डॉक्टरांना बोलवा; प्रश्न विचारायला ती सगळ्यांत चांगली जागा आहे.

1897 च्या प्लेगमध्ये रुग्णसेवा करताना सावित्रीमाईंनी जीव दिला. वैद्यकाशी आपल्या चळवळीचे वैर कधीच नव्हते. आपले भांडण न विचारता घेतलेल्या अंगठ्याशी आहे. नीट समजावून सांगा, आमचे लोक रांगेत सर्वांत पुढे उभे राहतील.

जयभीम, नमो बुद्धाय!