ऑपरेशन झालंय, मग तपासणी कशाला?

परवा दुपारी पलीकडच्या गल्लीतली एक जण आली. नवरा उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. दिवाळीनंतर कारखान्यावर गेलेला, पाडव्याच्या तोंडावर आदल्या दिवशी घरी आला. आणि आज सकाळी टोळीतल्या एकीकडून हिला कळलं, की तिकडे तो बाहेर 'जात होता'. चहा तसाच ठेवून म्हणाली, "पण ताई, मला काय व्हायचं ओ? माझं ऑपरेशन झालंय. पिशवीसुद्धा काढलीय."

मैत्रिणींनो, बीडमध्ये हे वाक्य नवं नाही. २०१९ साली शासनाने आपल्या जिल्ह्यात पाहणी केली, तेव्हा ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. कुणाचं ओटीपोट दुखायचं, कुणाच्या अंगावरून पांढरं जायचं. पांढरं जाण्याची कारणं बरीच असतात; त्यातलं एक म्हणजे नवऱ्याकडून आलेला संसर्ग. तो असला तर बहुतेक वेळा गोळ्यांनी बरा होतो, पण गोळ्या दोघांनी घ्याव्या लागतात. नवऱ्याला कोण विचारतंय? बाईचं पोट कापणं सोपं!

नसबंदीने मूल राहत नाही, एवढंच. एचआयव्हीला पिशवी लागत नाही. योनीच्या नाजूक त्वचेतून तो आत शिरतो, जखम किंवा फोड असतील तर आणखी सहज. एकदा संबंध आला म्हणजे लागण होतेच असं नाही, पण ते चेहऱ्यावरून किंवा 'आमचे हे तसे नाहीत' यावरून ठरत नाही.

मी तिला पहिला प्रश्न केला, संबंध कधी आला? "काल रात्री." म्हटलं, चहा राहू दे, रिक्षा बघ. कारण ७२ तासांच्या आत दवाखाना गाठला, तर धोका पाहून डॉक्टर एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या सुरू करू शकतात. जितक्या लवकर तितकं बरं. पुढे २८ दिवस न चुकता.

जिल्हा रुग्णालयात आणि अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात ही तपासणी मोफत होते. मात्र त्याच दिवशीची तपासणी कालचं सांगत नाही, आधीचं सांगते. म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा करायची. तोवर निरोध. सोबत गरमी आणि 'ब' कावीळही तपासून घ्यावी. नवऱ्याचा रिपोर्ट चांगला आला म्हणून आपला धरून चालू नये, त्याचेही तीन महिने मोजायचेच.

लोकांना कळेल ही भीती मला ठाऊक आहे. २०१७ च्या कायद्याने आपल्या संमतीशिवाय तपासणीही करता येत नाही आणि निकालही दुसऱ्याला सांगता येत नाही, काही ठरावीक अपवाद सोडले तर. लागण निघालीच तर औषध मोफत आहे, ते नेमाने घेणाऱ्या बाया मुलांची लग्नं करून नातवंडं खेळवताहेत. १०९७ वर फुकट फोन करून विचारता येतं.

खरी अडचण निरोधची. बाईने मागितला की "तुझंच कुठं काय आहे का?" असं उलटं तिलाच ऐकावं लागतं. हा प्रश्न ऐकून गप्प बसणाऱ्या सासवांचाही मला राग येतो.

तिला गोळ्या सुरू झाल्या. पुढची तारीख आषाढात आहे. नवऱ्याचं तपासणीबद्दल अजून 'बघू' चाललंय. तोवर ती लेकीजवळ झोपते.