करवंदाची जाळी तोडू नका

मंडळी, आज पुन्हा एका बांधावर जेसीबी फिरला. करवंदाची जाळी उपटली, तारेचं कुंपण ओढलं. म्हणे, ‘जाळीत साप राहतात!’ अहो, साप उंदीर खातो. उंदीर काय खातो ते तुम्हीच सांगा.

तारेला रोख पैसे मोजायचे आणि ती गंजणार. करवंद बारमाही हिरवं, काटेरी. पहिले एक-दोन उन्हाळे पाणी घाला, पुढं ते मागत नाही. त्याच जाळीत बुलबुल घरटं करतो, पिल्लांना किडे-अळ्या भरवतो. ती फवारणी फुकटची! मे महिन्यात पोरांना काळी मैना मिळते ती वेगळीच.

मी माझी जाळी राखलीय. तुम्ही पिकल्या करवंदाचं बी ताजंच पेरा. वाळवून ठेवलं तर उगवण घटते.