खुनी सापडला, बातमीचे काय?

रहस्यमालिका मला मनापासून आवडतात, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचे वाचून कुणी म्हणेल की या गृहस्थाला करमणुकीचेच वावडे आहे. गाजर खाणारा 'करमचंद' (१९८५), धोतरातला 'ब्योमकेश बक्षी' (१९९३), आणि १९९८ पासून वर्षानुवर्षे दार फोडून आत शिरणारी ती 'सीआयडी', या सर्वांची मी पारायणे केली आहेत. 'सीआयडी' काढणाऱ्या बी. पी. सिंग यांनीच त्याआधी मराठीत 'एक शून्य शून्य' केली होती. असो. माझी तक्रार सरसकट रहस्यमालिकांबद्दल नाही. अलीकडे ज्या एका प्रकारच्या मालिकेला फार भाव आला आहे, तिच्याबद्दल आहे. पत्रकाराचा खून होतो, तपास सुरू होतो आणि धागा थेट मंत्र्याच्या बंगल्यापर्यंत पोहोचतो, हा तो प्रकार.

मित्रहो, ही मालिका तुम्ही पाहिलेली आहे. नाव कोणतेही असो, पत्रकार पहिल्या पंधरा मिनिटांत मरतो. मरण्यापूर्वी त्याने कोणाला तरी दूरध्वनी केलेला असतो आणि एखादी वस्तू, पूर्वी फाईल असे, आता पेनड्राइव्ह असतो, कुठेतरी दडवलेली असते. एक पोलीस अधिकारी प्रामाणिक असतो. त्याचे घरी बायकोशी पटत नाही. पांढऱ्या कपड्यांतला पुढारी हळू बोलतो. शेवटच्या भागात बेड्या पडतात आणि आपण दिवा मालवून झोपतो. या सगळ्यात त्या पत्रकाराने नेमके काय लिहिले होते, हे मात्र आपल्याला कधी नीट कळत नाही. 'मोठा घोटाळा' एवढेच कळते. घोटाळा कशाचा, त्यात पैसा कुठून निघाला आणि कोणत्या खिशातून कोणत्या खिशात गेला, हे सांगायला मालिकेला सवड नसते. मेलेला माणूस हवा असतो, त्याची बातमी नको असते.

मी हे इतक्या आग्रहाने लिहितो आहे याला कारण आहे. माझे गाव लालबर्रा. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात, बालाघाट-सिवनी रस्त्यावर. इथे दक्षिणेत आल्यापासून मला पुष्कळांनी विचारले, "तुम्ही मराठी कसे?" १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूर होती, एवढे उत्तर पुरे. तर आमच्याकडून वारासिवनीवरून पुढे गेले की कटंगी लागते. कटंगीचे संदीप कोठारी हे हिंदी वृत्तपत्रांना बातम्या पाठवीत. १९ जून २०१५ रोजी एका मित्राबरोबर दुचाकीवरून जात असताना मोटारीची धडक देऊन त्यांना पळवण्यात आले. दुसऱ्या दिवशी त्यांचा जळालेला मृतदेह सापडला तो राज्याची हद्द ओलांडून महाराष्ट्रात, वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी परिसरात, रेल्वेमार्गाजवळ. पोलिसांनी लगोलग तिघांना धरले. पोलिसांचेच म्हणणे असे होते की बेकायदा खाणकामासंबंधी कोठारी यांनी न्यायालयात केलेली तक्रार मागे घ्यावी म्हणून त्यांच्यावर दडपण होते. त्याच महिन्यात, ८ जूनला, उत्तर प्रदेशातील शाहजहानपूरचे जगेंद्र सिंह हे पत्रकार भाजून मरण पावले होते. त्यामुळे दिल्लीपर्यंत चर्चा झाली, आणि चार दिवसांनी थांबली.

आता पाहा, यात मालिकेला लागते तसले रहस्य कुठे आहे? पेनड्राइव्ह नाही, संशयितांची रांग नाही. आरोपी दोन-तीन दिवसांत हाती लागले. ब्योमकेशबाबूंना इथे काही कामच नाही. गूढ आहे ते वेगळेच, आणि ते जमिनीखाली आहे.

बालाघाट म्हणजे मँगनीज. पोलाद बनवताना ते लागतेच. त्याच्यावाचून पोलाद ठिसूळ होते. भरवेली, उकवा, तिरोडी या खाणींची नावे आमच्याकडे शाळेतल्या पोरांना पाठ असतात. १८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट नावाची संस्था निघाली, तिची पुढे ब्रिटिश कंपनी झाली, आणि १९६२ मध्ये सरकार आत येऊन 'मॉइल' उभी राहिली. तिचे मुख्य कार्यालय आजही नागपुरात आहे. हा झाला सरळ, परवान्याचा मार्ग. पण खनिजाला सरकारी कंपनीची हद्द कळत नाही. ते शेताच्या बांधाखाली असते, जंगलात असते, जुन्या खाणींच्या टाकून दिलेल्या ढिगाऱ्यांत असते. रात्री खोदायचे, ट्रॅक्टरने मुख्य रस्त्यापर्यंत आणायचे, मालमोटारीत भरायचे. वाटेत विचारले तर वाहतुकीचा परवाना दाखवायचा. एकाच परवान्यावर किती खेपा झाल्या हे मोजणारा माणूस मोजत नसला म्हणजे झाले. वाळूचे असेच चालते. या धंद्याला मंत्र्याचा बंगला लागत नाही. नाक्यावरचा माणूस, कचेरीतला बाबू, गावचा एखादा पदाधिकारी आणि गप्प बसणारे शेजारी एवढ्यांत तो भागतो. मालिका आपल्याला वर, बंगल्याकडे बघायला शिकवतात. म्हणून आपण नाक्याकडे बघत नाही.

आणि ही बातमी लिहिणारा कोण असतो? शहरातल्या मालिकेतला पत्रकार काचेच्या कार्यालयात बसतो, संपादकाशी हुज्जत घालतो. तालुक्याच्या बातमीदाराला कार्यालयच नसते. बहुधा त्याचे वह्या-पुस्तकांचे नाहीतर मोबाइल दुरुस्तीचे दुकान असते. पगार बहुतेक नाहीच. बातमीमागे काही मिळाले तर मिळाले. त्याची खरी कमाई जाहिरातीवरच्या दलालीची. पंधरा ऑगस्ट, दिवाळी, नेत्याचा वाढदिवस आला की पेपर त्याला जाहिरातींचे लक्ष्य ठरवून देतो. मग हा गृहस्थ जाहिरात मागायला कोणाकडे जाणार? ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्याकडे, म्हणजे कंत्राटदाराकडे, सरपंचाकडे, खाणवाल्याकडे. सोमवारी ज्याचा शुभेच्छांचा फोटो छापायचा, त्याच्याविरुद्ध मंगळवारी लिहायचे! मला तर अशा स्थितीत कोणी लिहितो याचेच नवल वाटते. तरीही लिहिणारे असतात, हे विशेष.

कोठारींवर पोलिसांत गुन्हे दाखल होते, हेही त्या वेळी छापून आले. त्यांच्या घरच्यांनी सांगितले की ते खोटे होते, छळासाठी होते. खरेखोटे ठरवण्याचा मला अधिकार नाही. परंतु त्यानंतर आमच्याकडे काही जणांनी जी मान हलवली, "तोही काही साधा नव्हता हो," ती मी पाहिली आहे. ही मान हलवायला आपल्याला मालिकांनी शिकवले असे मी म्हणत नाही, पण त्यांनी मदत केली आहे खरी. पडद्यावरचा मृत पत्रकार धुतल्या तांदळासारखा असतो. मग खरा माणूस थोडा डागाळलेला निघाला, कर्जात असला, भांडखोर असला, की आपले दुःख तेवढे कमी होते. या बाबतीत जुने चित्रपट अधिक धीट होते. 'जाने भी दो यारो' (१९८३) मधली संपादिका भ्रष्टाचार उघड करायला निघते आणि पुरावा हाती येताच सौदा करू पाहते. शेवटी अडकतात ते दोघे गरीब छायाचित्रकार. आणि आपला 'सिंहासन' (१९७९)! त्यातला निळूभाऊंचा दिगू टिपणीस कोणाच्या हातून मरत नाही. त्याला सगळे ठाऊक असते, सगळे त्याच्याशी बोलतात, आणि त्या ठाऊक असण्यानेच अखेर त्याचे डोके फिरते. खून न दाखवता पत्रकाराचा बळी कसा जातो, हे जब्बार पटेलांनी आणि तेंडुलकरांनी चाळीस वर्षांपूर्वीच दाखवून ठेवले आहे.

आमच्या शेजारच्या छत्तीसगडमध्ये तर याहून भयंकर झाले. बस्तरमधल्या विजापूरचे मुकेश चंद्राकर १ जानेवारी २०२५ ला बेपत्ता झाले; ३ तारखेला एका कंत्राटदाराच्या आवारातल्या सेप्टिक टाकीत त्यांचा मृतदेह मिळाला. एका रस्त्याच्या निकृष्ट कामाची बातमी त्यांनी बाहेर काढली होती. मुख्य आरोपी म्हणून धरलेला तो कंत्राटदार त्यांचा नातलगच होता. शहरातल्या वाचकाला याचे आश्चर्य वाटेल, मला वाटले नाही. लहान गावात बातमीदार, बातमीतला माणूस, फौजदार आणि वाचक हे एकाच लग्नात एका पंगतीला जेवतात. तिथे एखाद्याविरुद्ध लिहिणे म्हणजे आत्याच्या सासरच्यांविरुद्ध लिहिणे असते. हे नाट्य अजून कोणत्याही मालिकेत मी पाहिलेले नाही.

अन्याय नको म्हणून एका मालिकेचे नाव घेतो. हंसल मेहतांची 'स्कूप' (२०२३). ११ जून २०११ रोजी मुंबईत पवईला 'मिड-डे'चे ज्योतिर्मय डे यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्या प्रकरणात जिग्ना व्होरा या महिला पत्रकाराला अटक झाली. २०१८ मध्ये न्यायालयाने छोटा राजन आणि इतरांना जन्मठेप दिली व व्होरांना निर्दोष सोडले. तुरुंगातल्या दिवसांवरचे त्यांचे पुस्तक या मालिकेचा आधार. खुनी कोण यापेक्षा एका पत्रकार बाईवर बाकीच्या पत्रकारांनी काय काय छापले, यावर तिचा भर आहे. म्हणून ती पाहताना आपली सुटका होत नाही. पण तिलाही मुंबई लागली, नामांकित वृत्तपत्र लागले. कटंगी-विजापूरसाठी निर्माता मिळणे कठीण.

आपल्या कन्नड विभागातील मित्रांना ५ सप्टेंबर २०१७ ही तारीख मी सांगायला नको. गौरी लंकेश त्या संध्याकाळी बंगळुरात स्वतःच्या दारात मारल्या गेल्या. आमचे नरेंद्र दाभोलकर २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात मारले गेले; तेही 'साधना' साप्ताहिकाचे संपादक होते, हे आपण विसरतो. त्या खटल्यात मे २०२४ मध्ये गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली आणि बाकीचे तिघे सुटले. म्हणजे चाप ओढणारी बोटे सापडली. कारण निराळे, पण कोठारींच्या प्रकरणाशी साम्य इतकेच की मालिका जिथे 'समाप्त' म्हणते, तिथून पुढचा भाग आपल्याकडे कुणी बनवतच नाही. युनेस्कोने २०२४ मध्ये सांगितले की जगात पत्रकारांच्या सुमारे ८५ टक्के हत्यांचा तड लागत नाही. शंभरात पंचाऐंशी! बेड्यांचा शेवट हा अपवाद आहे, आणि आपण तो दर आठवड्याला पाहतो.

कोणी म्हणेल, कायदा आहे ना. महाराष्ट्राने २०१७ मध्ये पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा केला; तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड. चांगलेच केले. पण त्यात पत्रकार कोण? ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जो नियमित वा कंत्राटी नोकरीत आहे तो. वह्या-पुस्तकांच्या दुकानात बसून बातम्या पाठवणारा त्यात बसतो की नाही, हे वकिलांना विचारावे लागेल. शिवाय हा कायदा असतानाच ६ फेब्रुवारी २०२३ रोजी राजापूरला शशिकांत वारिशे यांना मोटारीने उडवले, आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. ज्याच्याबद्दलची बातमी त्याच सकाळी छापून आली होती, त्याच माणसाला या प्रकरणी अटक झाली. विषय होता रिफायनरीचा आणि तिच्या जमिनींचा.

माझी एक सूचना आहे, हसू नका. कोणी अशी मालिका काढणार असेल तर आरोपीची अटक पहिल्या भागातच उरकून टाकावी. पुढचे भाग बातमीसाठी ठेवावेत. एक भाग पूर्ण परवान्यावर करावा: तो कुठे फाडला, किती खेपांना वापरला, नाक्यावर कोणी पाहिला. एक भाग दिवाळीच्या जाहिरातींवर. एक भाग त्या बातमीदाराच्या घरात, बातमी छापून आल्यावर पहिल्या दोन दिवसांत कोणकोण येऊन काय सांगून गेले यावर. गुप्तहेर नसला तरी चालेल. खनिज खात्याची एक नोंदवही आणि ती वाचता येणारा एक कारकून पुरेल. चित्रीकरणाला जागा हवी असेल तर लालबर्ऱ्याला या. सकाळी बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर पेपर येतो. एक जण मोठ्याने वाचतो, बाकीचे ऐकतात, आणि आपल्या तालुक्याची बातमी आली की वाचणाऱ्याचा आवाज थोडा उतरतो. तेवढे ध्वनिमुद्रण नीट करून घ्यावे.